नवरीच्या साडीचा पांढरा

काकाजी, आज सकाळी माझ्या कॉम्प्युटरने मला विचारलं, पांढरा कोणता हवा. खाली चार आकडे दिले होते, त्यातला एक निवडायचा होता. मी निवडला नाही. उठले, चहा केला आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तेव्हा हा काय प्रकार आहे ते आधी सांगायला हवं. आता फिल्म नाही, डार्करूम नाही, केमिकलचा वास नाही. फोटो पडद्यावर पाहायचा, हवा तसा दुरुस्त करायचा आणि टेबलावरच्या प्रिंटरमधून कागदावर काढायचा. ऐकायला सोपं आहे. पण पडदा आतून पेटलेला असतो आणि कागदाला बाहेरच्या उजेडावर भागवावं लागतं, त्यामुळे पडद्यावर टवटवीत दिसणारा चेहरा कागदावर आजारी होऊन येतो. महिनाभर चिडचिड केल्यावर मी मुठीत मावेल एवढं एक यंत्र आणलं. ते वायरीने पडद्यावर लटकवायचं. पडदा एकामागून एक रंग दाखवतो, लाल, हिरवा, निळा, मग राखाडीच्या कितीतरी तऱ्हा, आणि हे यंत्र प्रत्येक रंग मोजून पडद्याला सांगतं की तू कुठे किती चुकतो आहेस. म्हणजे तुम्ही माझ्याशी अकरा वर्षं जे केलंत, तेच ते दहा मिनिटांत करतं. फक्त टोमणे मारत नाही.

मी तुमच्याकडे आले तेव्हा नुकती बीएस्सी झाले होते, केमिस्ट्री घेऊन. नागपुरात, बर्डीच्या त्या गल्लीत पुढे तुमचा स्टुडिओ, मधे डार्करूम आणि मागे तुमचं घर, असं एका रेषेत सगळं होतं. तुम्ही मला स्टुलावर बसवलंत आणि विचारलंत, "काय येते तुले?" मी म्हटलं, केमिकल्स येतात. "अन् फोटो?" मी म्हटलं, नाही. "मंग बरं आहे. आधीचं चुकीचं शिकलेलं पुसा लागत नाही." मी इंदोरा वस्तीतली, बौद्ध, हे मी स्वतःच सांगून टाकलं. नोकरीच्या ठिकाणी पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकायचं असा माझा नियम होता. पुढे महिनाभराने कुणाचा चेहरा बदलताना पाहत बसायला मला वेळ नव्हता. तुम्ही मान हलवलीत आणि विचारलंत, "डबा आणला का?" मी नाही म्हटलं. "मंग काकूले सांगतो." त्या दुपारी मी तुमच्या स्वयंपाकघरात जेवले. काकूंनी माझं ताट त्यांच्या ताटाला लागून मांडलं, वांग्याची भाजी वाढली आणि मीठ बरोबर आहे का म्हणून विचारलं. बरोबर नव्हतं. मी तसं सांगितलं. काकू माझ्याकडे पाहतच राहिल्या आणि तुम्ही तोंडातला घास सांभाळत हसलात. म्हणालात, "ही कामाची आहे. हिले जे दिसते ते बोलते."

पण दिसतं ते मला नेमकं बोलता येत नव्हतं, हे तुम्ही दुसऱ्याच दिवशी दाखवून दिलंत. माझा पहिला प्रिंट तुम्ही माझ्याच हातात परत दिलात आणि विचारलंत कसा आहे. मी म्हटलं, ठीक आहे. तुम्ही चष्मा काढून ठेवलात. "ठीक म्हंजे काय वं? जास्त का कमी?" मी म्हटलं, ठीक म्हणजे ठीक. "ठीक नावाचा रंग मी आजवर पाह्यला नाही. काळा जास्त आहे का पांढरा कमी आहे, ते सांग. का निस्तं पास व्हायचं आहे तुले?" मी कॉलेजात पहिल्या पाचांत येणारी मुलगी. मला फार राग आला. इतका राग आला की त्या दिवसापासून आजपर्यंत मी कुठल्याही बाबतीत ठीक हा शब्द वापरलेला नाही. लोक विचारतात तब्येत कशी आहे, मी गुडघ्यापासून सुरुवात करते. लोक विचारायचे थांबले आहेत.

दोन वर्षांनी तुम्ही रंगीत प्रिंट नागपुरातच काढायचं ठरवलंत. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. तोवर गावातला प्रत्येक कलर रोल मुंबईला जायचा आणि तीन आठवड्यांनी परत यायचा तेव्हा त्यातली माणसं कावीळ झाल्यासारखी किंवा ताप भरल्यासारखी दिसायची. तुम्ही म्हणायचात, ज्यानं तो चेहरा कधी पाहिलाच नाही त्याला त्याचा रंग कसा कळणार. बर्डीतले बाकीचे स्टुडिओवाले हसत होते. निगेटिव्हवरून कागदावर फोटो उतरवणारा नवा एन्लार्जर आला, त्याला तीन रंगांच्या फिल्टरच्या तीन चकत्या. रंगीत पेपर थंड ठेवावा लागतो म्हणून त्याचे डबे काकूंच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या पातेल्याशेजारी. मे महिन्यात नळाचं पाणीच इतकं तापलेलं असायचं की डेव्हलपर निववायला काकूंकडून बर्फ आणावा लागायचा. लाल दिवासुद्धा चालत नाही, सगळं घुप्प अंधारात, हातांच्या अंदाजाने. आणि काम तुम्ही माझ्याकडे दिलंत. तुमच्याकडे पंधरा वर्षं रिटचिंग करणारे गृहस्थ होते, त्यांच्याकडे नाही. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण मला तेव्हा इतका आनंद झाला होता की इंदोऱ्यापर्यंतचा रस्ता मी सायकलवर उभं राहून पायडल मारत गेले होते.

रंगीत प्रिंटचं गणित उलटं असतं. प्रिंटवर जी झाक जास्त दिसते, त्याच रंगाचा फिल्टर वाढवायचा, म्हणजे ती झाक कमी होते. ओला प्रिंट खोटं बोलतो, म्हणून तो वाळवायचा, खिडकीशी न्यायचा, दिवसाच्या उजेडात पाहायचा, झाक ओळखायची, आत जाऊन चकत्या फिरवायच्या, पुन्हा काढायचा. उत्तरेची ती एक खिडकी तुम्ही खास यासाठी ठरवली होती, कारण तिच्यातून ऊन येत नसे. प्रत्येक प्रिंटचे आकडे मी रजिस्टरमध्ये लिहायचे. पेपर मुंबईहून यायचा, जपून वापरायचा. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. मी माझ्यासाठीच लिहिते आहे, कारण लिहिताना पुन्हा त्या खोलीत उभी राहते.

आणि मग ते लग्न आलं. आमच्याच भागातल्या एका शाळामास्तरांच्या मुलीचं. मास्तर स्वतः स्टुडिओत आले आणि सगळे फोटो कलरमध्येच हवेत म्हणाले. एवढा खर्च करणाऱ्यातले ते दिसत नव्हते. तुम्ही कॅमेरा घेऊन मंडपात पाच तास उभे राहिलात. मुलीचा नवरा भिलाईला नोकरीला, ती पुढच्या बुधवारच्या गाडीने तिकडे जाणार होती, आणि जाताना अल्बम तिच्या हातात असला पाहिजे असं मास्तरांना वाटत होतं. तुम्ही शब्द दिलात. रोल मुंबईला पाठवला असता तर शक्यच नव्हतं. नागपुरात जमलं तर जमलं. नाही जमलं तर एन्लार्जर विकायचा आणि आपण आपले पासपोर्ट फोटो काढत बसायचं, असं तुम्ही हसत म्हणालात. पण तुम्ही हसताना टोपी नीट करत होतात आणि तुम्ही टोपी कधी नीट करायचात ते मला माहीत होतं.

सोमवारी मी पहिला प्रिंट काढला. नवरी एकटी, पांढऱ्या साडीत, हातात फुलं. दुपारपर्यंत साडी अगदी स्वच्छ पांढरी आणली. तुम्हाला दाखवली. तुम्ही खिडकीशी घेऊन गेलात आणि म्हणालात, "निळी हिरवट मारून राह्यली." मी म्हटलं, नाही. तुम्ही म्हणालात, हो. मंगळवारी मी पुन्हा पांढरी आणली, तुम्ही म्हणालात जांभळट. बुधवारी पांढरी आणली, तुम्ही म्हणालात हिरवी. मी व्होल्टेज तपासलं, स्टॅबिलायझर बदलला. डेव्हलपरचं तापमान अर्ध्या अंशात धरलं. पेपरचा नवा डबा उघडला. केमिस्ट्रीत शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तसं मी सगळं रीतीने केलं. रोज माझ्या डोळ्यांना पांढरी दिसणारी साडी रोज तुमच्या डोळ्यांना वेगळ्या रंगाची दिसायची. गुरुवारी तुम्ही पुन्हा निळी हिरवट म्हणालात तेव्हा माझा तोल गेला. रिटचिंगवाले समोर बसले होते, दोन गिऱ्हाइकं काउंटरशी उभी होती. मी म्हटलं, "काकाजी, तुमचे डोळे आता पिकले आहेत. रंग पाहायचं काम माझ्यावर सोडा."

तुम्ही प्रिंट नुसता टेबलावर ठेवलात आणि गिऱ्हाइकाला विचारलंत, "बोला जी, काय पाह्यजे?"

शुक्रवारी मास्तर आले. तुम्ही त्यांना गुरुवारचा प्रिंट दिलात. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "फोटो लय चांगला आला जी. पण आमच्या पोरीची साडी पांढरी होती." तुम्ही म्हणालात, थोडं काम बाकी आहे. मास्तर म्हणाले, "पांढरीच पाह्यजे. त्याच्यासाठीच तं कलर सांगतलं." मला ते कळलं नाही. मी विचारलं, पांढऱ्यासाठी कलर कशाला, साध्या फोटोतही पांढरी आलीच असती. मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं, शाळेत पाहत असतील तसं. "ताई, साध्या फोटोत पिवळी नेसली तरी पांढरी दिसते, गुलाबी नेसली तरी पांढरी दिसते. तिथं सगळ्याच नवऱ्या सारख्या. माह्यी पोरगी पांढरी नेसूनच उभी होती, हे पाहणाराले समजलं पाह्यजे." आणि ते निघून गेले. काकाजी, मी त्याच घरातली, त्याच रीतीची मुलगी. माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांच्या बोलण्यानंतर मला त्या साडीचा पांढरा हवाच होता. नोकरी, एन्लार्जर, बर्डीतले हसणारे, यातलं काही मग डोक्यात राहिलं नाही.

मास्तर गेल्यापासून तुम्ही विचित्र वागायला लागलात. खिडकीच्या खोलीतलं रंगीत कॅलेंडर काढून नेलंत. मग खिडकीचा पडदा गेला. मग लाल प्लास्टिकचा मग, मग कोपऱ्यातली हिरवी बादली. भिंतीला नव्याने चुना मारून घेतलात. खोलीत जे जे रंगीत होतं ते एकेक करून बाहेर गेलं आणि शनिवारी दुपारी त्या पांढऱ्या खोलीत रंगीत अशी एक मीच उरले, हळदी साडीतली. तुम्ही दारातून माझ्याकडे पाहायचात, तोंड उघडायचात आणि म्हणायचात, "जेवली का?" एका दुपारी तीनदा विचारलंत. काकू स्वयंपाकघरातून डोकावायच्या, तुम्ही त्यांना हाताने खुणा करायचात, त्या मान हलवून आत जायच्या. त्याच दिवशी सकाळी तुम्ही डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होतात. माझ्यासमोर चिठ्ठी ठेवलीत. "डाक्टर म्हणते, डोळे वीस वर्षांच्या पोराचे आहेत. आता सांग, अजून कोणाले दाखवू?" मी चिठ्ठी वाचली आणि परत दिली. क्षमा मागितली नाही.

साड्यांबद्दल एक सांगायला हवं. मी चेहऱ्याने कडक, बोलायला कडक, केस घट्ट. पण पहिल्या पगारापासून मी साड्या घ्यायचे त्या भडक. संत्री, पोपटी, रानी, हळदी आणि समारंभाला राखून ठेवलेली एक मोरपंखी. लहानपणी घरात कपडा निवडायची सोय नव्हती, मिळेल तो घालायचा. निवडायची वेळ आली तेव्हा मी असे रंग निवडले की दुकानदारही दोनदा विचारायचा.

सोमवारी मी मोरपंखी नेसून आले. सकाळी चार प्रिंट काढले. पहिला खिडकीशी नेला, चकत्या फिरवल्या, दुसरा काढला, तिसरा, चौथा. चौथ्यातली साडी पांढरी आली. तुम्ही दाराशी उभे होतात. "गुलाबी," तुम्ही म्हणालात, आणि मग, "बस. आता पेपर नको काढू. हा शेवटचा डबा आहे." तुम्ही रजिस्टर आणून माझ्यापुढे उघडलंत. मधोमध माझ्या अक्षरातले आकडे आणि समासात पेन्सिलीने, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात, प्रत्येक दिवसापुढे एक शब्द. सोमवार, संत्री. मंगळवार, पोपटी. बुधवार, रानी. गुरुवार, पुन्हा संत्री, आणि त्या दोन दिवसांच्या आकड्यांना जोडणारी एक रेघ, कारण आकडे जवळजवळ सारखे होते.

"हे वाच," तुम्ही म्हणालात.

"वाचलं."

"मंग?"

"मग काय?"

"बीएस्सी तू आहेस का मी आहो?" तुम्ही टोपी काढलीत, पुन्हा घातलीत. "हे पाह्य. तू फोटो छातीसमोर धरते. खिडकीचा उजेड पडते तो आधी... म्हंजे कपड्यावर पडते. तिथून फोटोवर. कपडा लाल तं फोटो लाल. तू लाल कमी करते. मी पाह्यतो तं निळा."

"बरं. म्हणजे मी काय करू?"

"काय करू म्हंजे... जरा साधं काही... फिक्कं..."

काकू आतून म्हणाल्या, "सांगून टाका ना एकदाचं. तीन दिवस झाले, माह्यं डोकं खाऊन राह्यले."

"तू सांग ना मंग."

"मी नाही सांगत बाप्पा. लग्नाची पोरगी आहे."

तुम्ही रजिस्टरकडे पाहत म्हणालात, "पांढरं नेसून येशील का म्हटलं. दोनच दिवस. तुह्या आईले वाईट वाटत असन तं राहू दे, मी दुसरं काही पाहतो. माह्या मनात तसं काही नाही. देव करो अन् तू शंभर वर्षं..."

तुम्ही काय म्हणत होतात ते मला तेव्हा उलगडलं. तुमच्या महाल भागातल्या वडिलोपार्जित घरात पांढरं कोण नेसतं ते मला माहीत होतं. लग्न न झालेल्या मुलीला तोंडाने पांढरं नेस म्हणायचं म्हणजे तुमच्या दृष्टीने तिच्या भावी नवऱ्यालाच शाप देणं होतं, आणि त्यासाठी तुम्ही कॅलेंडर, पडदा, मग, बादली सगळं बाहेर काढलंत, भिंत रंगवलीत, डोळे तपासून घेतलेत, पण ते एक वाक्य बोलला नाहीत. मी टेबलावरचा प्रिंट उचलून तुमच्यापुढे धरला.

"काकाजी, ही कोण आहे?"

"नवरी आहे. मास्तरची पोरगी."

"काय नेसली आहे ती?"

तुम्ही पाहिलंत. आठ दिवस तुम्ही जिचा पांढरा शोधत होतात, ती साडी तुम्ही त्या क्षणी पहिल्यांदा पाहिलीत. मंडपात पाच तास उभं राहून, तिचे चाळीस फोटो स्वतः काढून, ते तुमच्या ध्यानात आलं नव्हतं. मी म्हटलं, "आमच्यात नवरी पांढरंच नेसते. माझ्या आईने माझ्या लग्नासाठी पेटीत एक घेऊन ठेवली आहे. उद्या ती नको, पण आईची विहारात जायची नेसून येते." आधी काकू हसल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या. "ह्या माणसाले कॅमेऱ्यातून माणूस दिसते, लुगडं नाही दिसत." तुम्ही लाल झालात, कानापर्यंत. मग खण उघडलात आणि एक पुडकं काढलंत. "मंग हे काय करू आता? इनं तं शिवून ठेवला." आत राखाडी रंगाचा, गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येणारा ॲप्रन होता. काकूंनी शाळेच्या गणवेशाच्या कापडातून शिवला होता, दोन खिसे लावून. पांढरं म्हणता येत नाही म्हणून निदान राखाडी, असा तुमचा बेत होता, आणि तोही द्यायचं धाडस तुम्हाला शनिवारपासून होत नव्हतं. तो ॲप्रन मी विरेपर्यंत वापरला. आज या नव्या यंत्रासोबतच्या पुस्तिकेत स्वच्छ छापलं आहे की पडद्यासमोर बसणाऱ्याने भडक रंगाचे कपडे घालू नयेत, शक्यतो राखाडी घालावेत. यंत्र बनवणाऱ्यांना हे सांगायला दीड ओळ लागली.

मंगळवारी मी आईची साडी नेसून, वर ॲप्रन घालून कामाला लागले. दुसऱ्याच प्रिंटला पांढरा सापडला. माझ्या डोळ्यांना पांढरा आणि तुमच्याही डोळ्यांना पांढरा. तुम्ही तो खिडकीशी नेलात, दाराशी नेलात, बाहेर गल्लीत उन्हात नेलात आणि परत येऊन म्हणालात, "आता बोल, कसा आहे?" मी म्हटलं, "पांढरा आहे. जास्त नाही, कमी नाही." तुम्ही काकूंना चहा टाकायला सांगितलंत. त्यानंतर दिवसभर मी अंधारात, तुम्ही बर्फ आणि पाणी पाहायला, रिटचिंगवाले प्रिंट वाळवायला, काकू कापायला, असा तो कारखाना चालला. मला आयुष्यात कामाचा इतका आनंद फार थोड्या वेळा झाला आहे. अंधारात हात आपोआप चालत होते आणि बाहेरून तुमचा आवाज येत होता, "अजून एक आली वं, पांढरी."

बुधवारी दुपारी मास्तर आले, मुलगीही आली, गाडीला जायच्या तयारीने. मास्तरांनी अल्बम उघडला नाही. आधी पहिला फोटो दाराशी नेला आणि आपल्या सदऱ्याची बाही त्या साडीला लावून पाहिली. स्वच्छ धुतलेल्या सदऱ्याची पांढरी बाही. थोडा वेळ तशीच धरली. "हां," म्हणाले. "हे." मुलगी त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. म्हणाली, "बाबा, माझ्या पायात चप्पल नाही दिसत ना?" मंडपात तिची चप्पल कुणीतरी उचलून नेली होती, त्याची तिला काळजी. सगळे हसले. मग तिने पानं उलटली आणि विचारलं, मैत्रिणींसोबतचे फोटो कुठे आहेत. चार फोटो कमी होते. पेपर संपला होता. तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "चूक माह्यी आहे. पेपर पुरला नाही. नवा आला का मी भिलाईले पाठवतो." आणि पाठवलेत, महिन्याभराने, रजिस्टर्ड पोस्टाने. तिचं उत्तरही आलं होतं, काकूंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

त्या चार फोटोंबद्दलच लिहायचं होतं. सोमवारचं मी वर जसं घडलं तसं लिहिलं आहे, फक्त माझ्या मनात काय होतं ते लिहिलेलं नाही. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, शनिवारी घरी आणलेला प्रिंट माझ्याजवळ होता. अंगावर शनिवारचीच हळदी साडी होती. अंगणात बसून पाहत होते आणि मला नवरीची साडी पांढरी दिसत होती. आई विहारातून परत आली, पांढऱ्या साडीत. तिने तो माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "हे लुगडं निळं काहून दिसून राह्यलं वं?" मी तिच्या हातातला पाहिला. निळा होता. माझ्याकडे घेतला, पांढरा. तिच्याकडे दिला, निळा. आईला वाटलं मी खेळते आहे. मला पाच मिनिटांत सगळं कळलं, तुमचं कॅलेंडर आणि बादलीसुद्धा कळली.

फक्त तुम्ही तोंड का उघडत नव्हतात ते कळलं नव्हतं. गुरुवारी मी चारचौघांत तुमचे डोळे पिकले म्हटलं होतं आणि आता चूक माझी निघाली होती. ती मला आधी कबूल करायची नव्हती. तुम्ही बोला, मग मी मान्य करीन, असं मी ठरवलं. म्हणून सोमवारी पेटीतून मोरपंखी काढून नेसले, सगळ्यात भडक तीच होती. झाक कुठून येते हे माहीत असताना शेवटच्या डब्यातले चार कागद काढले आणि तुम्ही दाराशी टोपी काढत घालत उभे राहिलात ते डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत राहिले. तुम्ही मास्तरांपुढे हात जोडलेत तेव्हा मी शेजारीच उभी होते. तेव्हा बोलायला हवं होतं. पुढच्या नऊ वर्षांत कधीही बोलता आलं असतं, रोज एका खोलीत होतो. या वयात त्याचं वाईट वाटायला हवं म्हणून मी आज लिहायला बसले, आणि लिहिताना तुमचे ते लाल झालेले कान पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढे येतात, आणि वाईट काही वाटत नाही, काकाजी. आणखी चार कागद असते तर तेही मी घालवले असते.